खड्डा नंतर, आधी पाण्याची वाट

पोकलेनवाल्याला इसार देऊ नकोस अजून. तू पुण्याहून फोन करून म्हणालास, तात्या, शेततळं घ्यायचं ठरवलंय, माळाकडचा कोपरा तसाही पडीक आहे, तिथंच खोदतो. ऐकून बरं वाटलं आणि काळजीही वाटली. पडीक कोपरा म्हणून तळं तिथं, हा हिशेब जागेचा झाला. पाण्याचा झाला नाही. आपल्या माणदेशात कोरडी पडलेली शेततळी मोजत गेलास तर निम्मी तरी याच हिशेबानं खोदलेली निघतील.

एक पावसाळा थांब. सगळा नको वाटत असेल तर उत्तरा आणि हस्त ही दोन नक्षत्रं तरी थांब. आपल्याकडे मृगाचा भरवसा कुणी धरत नाही. ओढ्याला पाणी येतं ते परतीच्या पावसात, सप्टेंबरच्या शेवटी. असा पाऊस लागला की छत्री घे आणि भर पावसात रानात जा. पाऊस थांबल्यावर गेलास तर निम्मी गोष्ट निघून गेलेली असते. पाणी माळावरून कुठून उतरतं, कोणत्या बांधाला अडतं, कुठं बांध फोडून पुढं जातं, कुठं गाळ टाकतं, ते डोळ्यांनी बघ आणि तिथं तिथं बाभळीच्या खुंट्या ठोक. दुसऱ्या दिवशी काडीकचऱ्याची रेघ दिसते, पाणी कुठवर चढलं होतं ते ती सांगते. या खुंट्यांनीच तळ्याची जागा ठरते. मोजणीचं यंत्र नसलं तरी अडत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्यानं भरून दोघांनी धरली की कोणती जागा वर, कोणती खाली, हे बोटभर फरकानं कळतं.

आता आकडे घे. तू शिकलेला, हे तुला माझ्यापेक्षा लवकर जमेल, पण शेततळ्याच्या बाबतीत शिकलेली माणसंही आकडे करायला विसरतात असं मी बघितलंय.

एका एकरावर एक इंच पाऊस पडला की साधारण लाखभर लिटर पाणी होतं. आपल्याकडे वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धर, म्हणजे वीस इंच. एकराला वीस लाख लिटर. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण ते सगळं वाहून तळ्यात येत नाही. बरंच जमीन पिते, काही उडून जातं, काही बांधाबांधांत अडतं. नांगरलेल्या, बांधबंदिस्ती केलेल्या रानातून दहा टक्के आलं तरी खूप झालं. उघडा, उताराचा, मुरमाड माळ असेल तर वीस टक्क्यांपर्यंत येईल. म्हणजे रानातून एकरी दोन लाख आणि माळावरून एकरी चार लाख लिटर.

आता तळं किती मोठं ते बघ. लोक 30 बाय 30 बाय 3 मीटर म्हणतात आणि सरळ गुणाकार करून 27 लाख लिटर सांगतात. तो गुणाकार उभ्या भिंतींच्या हौदाचा झाला. तळ्याला चारी बाजूंनी उतार असतो. मीटरला मीटर उतार दिलास तर तळ 24 बाय 24 उरतो आणि पाणी बसतं 22 लाख लिटर. मातीसाठी उतार आणखी सपाट, मीटरला दीड मीटर ठेवावा लागला तर वीस लाखांच्याही थोडं खालीच येतं. हे तळं रानाच्या पाण्यावर भरायचं तर अकरा एकरांचं पाणी तिथं यायला हवं. माळाच्या पाण्यावर भरायचं तर साडेपाच एकरांचं. तुझं रान नऊ एकर, त्यातलं अर्धं पाणी पलीकडच्या बाजूला उतरतं. वरच्या माळाचं किती येतं ते खुंट्या सांगतील. त्याआधी 30 बाय 30 हा आकडा तोंडातून काढू नकोस. 20 बाय 20 बाय 3 च्या तळ्यात पावणेनऊ लाख लिटर बसतं, 15 बाय 15 मध्ये साडेचार लाखांच्या आत. लहान तळं दरसाल भरलेलं बरं. मोठं तळं चार वर्षांतून एकदा भरतं आणि मधल्या तीन वर्षांत त्यात वेड्या बाभळी उगवतात. शिवाय दुष्काळात पाऊस निम्मा झाला तर वाहून येणारं पाणी निम्मं होत नाही, त्याहून कितीतरी कमी होतं. पहिला पाऊस तापलेली जमीनच पिऊन टाकते.

भरलेलं सगळं पाणी आपलं, असंही समजू नकोस. ऊन त्यातला हिस्सा घेतंच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत वरचा मीटरभर थर तरी उन्हाच्या पोटी गेला म्हणून धर. उतारामुळं वरच्या मीटरातच सगळ्यात जास्त पाणी असतं. 30 बाय 30 च्या तळ्यात तो एक मीटर म्हणजे आठ लाख लिटरच्या वर. खाली उरले तेरा-चौदा लाख. तेवढ्यात काय भिजतं? ज्वारीला सारे पाडून पाणी द्यायचं तर एका पाळीला एकरी दोन लाख लिटर जातं. म्हणजे सहा-सात एकर मालदांडीला एक पाळी, पण ती पोटरीत किंवा फुलोऱ्यात मिळाली तर कणीस भरतं. डाळिंब ठिबकवर असेल तर साडेचार बाय तीन मीटरवर एकराला तीनशे झाडं बसतात. भर उन्हाळ्यात झाडाला दिवसाला तीस लिटर धर, एकराला नऊ हजार लिटर झाले. म्हणजे एक एकर, फार तर दीड एकर बाग निभावेल. पाच एकर डाळिंब लावून एका तळ्यावर जगवतो असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशेब दाखव. आणि बाग धरायचीच तर बहार पाणी बघून धर. मृग किंवा हस्त बहाराला तळं साथ देतं. आंबे बहाराची फळं ऐन उन्हाळ्यात पोसायची असतात, त्या बहाराला तळं पुरत नाही.

जागेचं बोलू. ओढ्याच्या पात्रात तळं खोदायचं नाही. पहिल्याच पुरात गाळानं भरतं, नाहीतर बांधच घेऊन जातं. शिवाय ओढा तुझ्या एकट्याचा नाही. ओढ्याच्या काठाला, जिथून पाणी वळवून आत घेता येईल, तिथं चालेल. दोन माळांच्या मधली खोलगट जागा मिळाली तर उत्तम. रानाच्या अगदी खालच्या टोकाला घेतलंस तर पाणी आपसूक येईल, पण प्रत्येक थेंब पंपानं वर चढवावा लागेल. अगदी वर घेतलंस तर पाणी द्यायला सोपं, पण येणार कुठून? मधली जागा शोध, वरच्या बाजूला पाणलोट आणि खालच्या बाजूला पीक असेल अशी. विजेच्या तारांखाली नको. पोकलेनचा हात तारेला लागतो आणि पुढं तळ्यावर काम करताना माणसाच्या हातात लांब पाइप असतो. शेजाऱ्याच्या बांधाला चिकटून नको. तळ्याचा ओलावा त्याच्या उसाला चालेल, पण त्याची कांद्याची आरण सडली की तंटा तुझ्या दारात येईल. विहीर आहे आपली, तिच्या वरच्या अंगाला बिनकागदाचं, म्हणजे प्लॅस्टिक न अंथरलेलं तळं घेतलंस तर मुरलेलं पाणी विहिरीला लागतं. असं तळं जानेवारीत कोरडं दिसलं तर हसू नये. पाणी विहिरीत गेलेलं असतं.

यावरून कागदाचा प्रश्न येतोच. आपल्याकडे आता शेततळं म्हटलं की काळा कागद, असं समीकरण झालंय. घाई करू नकोस, आधी माती बघ. जेसीबीनं जागेवर दोन-तीन चाचणी खड्डे घे, तळं जेवढं खोल करायचं तेवढे खोल. वर काळी किती, खाली मुरूम किती खोलीवर लागतो, खडक कुठं आहे ते दिसेल. मग खड्डा संध्याकाळी पाण्यानं भर. पहिलं पाणी मोजू नकोस, ते कोरडी माती पिते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भर आणि सकाळी बघ. हातभर उतरलं तर कागदाशिवाय पाणी साठणार नाही. दोन-चार बोटं उतरलं तर तळं गाळ आणि चिकणमाती बसून पुढं पाणी आणखी धरायला लागेल. चांगली खोल काळी असेल तर ओली झाल्यावर ती फुगते आणि फटी बुजतात. तिला कागद कशाला?

पण काळी आणि चोपण यांत फरक कर. चोपण जमिनीची माती बांधाला वापरलीस तर बांध विरघळतो, हे शब्दशः घे. तपासायचं सोपं आहे. वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा गोड्या पाण्यात सोड, ढवळू नकोस. तासा-दोन तासांत भोवतीचं पाणी दुधासारखं गढूळ झालं तर ती माती बांधावर नको. ढेकूळ नुसतं खाली कोसळलं आणि पाणी निवळ राहिलं तर चालेल.

माझं मत विचारशील तर ज्वारी-हरभऱ्याच्या पाळीसाठी आणि विहीर जिवंत ठेवण्यासाठी बिनकागदाचं तळं, आणि उन्हाळ्यात फळबाग जगवायचीच असेल, माती मुरमाड असेल, तरच कागदाचं. कागदाचं तळं महाग असतं आणि माणसाच्या जिवाला धोक्याचंही असतं, त्यावर पुढं बोलतोच.

खोदाई रब्बी निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये लाव. मे महिन्यात यंत्र मिळत नाही, मिळालं तर भाव वाढलेला असतो आणि वळवानं अर्धवट बांध धुऊन नेला तर सगळंच गेलं. व्यवहार तासावर करायचा की ब्रासवर, ते आधी ठरव. 30 बाय 30 चं तळं म्हणजे पावणेआठशे ब्रासच्या आसपास खोदाई. नवख्यानं ब्रासवर करावा. तासावर केलास तर तिथं बसून राहणारा माणूस हवा, आणि पुण्यात बसून ते होत नाही.

फक्कीनं आखणी झाली की पहिली फूट-दीड फूट काळी माती वेगळी काढून ठेव. ती सोनं आहे, मुरमाखाली गाडू नकोस. बांधाच्या बाहेरच्या अंगावर पसरायला आणि रानात टाकायला ती लागेल. खड्ड्याची कड आणि मातीचा ढीग यांच्यात निदान मीटरभर मोकळी वाट सोड. ढीग काठाला चिकटून असेल तर पहिल्या पावसात परत तळ्यात. बांध जिथं उभा राहणार तिथलं गवत, मुळं, बुडखे खरवडून काढ, नाहीतर मुळं कुजून त्याच वाटेनं पाणी झिरपतं. बांधाच्या मधोमध खाली चर खणून त्यात चिकणमाती भर, वर बांधातही तोच गाभा चढव. एकदम ढीग ओतून वरून यंत्र फिरवलं म्हणजे बांध झाला, असं होत नाही. वीतभर थर, त्यावर पाणी, त्यावर रोलर किंवा निदान ट्रॅक्टर, मग पुढचा थर. ओल किती हवी? मूठभर माती दाबली तर लाडू वळला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये. 72 च्या दुष्काळात पाझर तलावांची कामं निघाली तेव्हा हेच काम हजारो माणसांनी टोपल्यांनी आणि धुम्मसांनी केलं. त्यातल्या ज्या तलावांची देखभाल झाली ते अजून पाणी धरतात. तेव्हा यंत्र नव्हतं म्हणून चोपावं लागलं. आता यंत्र आहे म्हणून कुणी चोपत नाही.

निघालेला मुरूम विकावा असं कुणी सुचवेल. गौण खनिजाचं स्वामित्वधन भरल्याशिवाय तो रानाबाहेर जाऊ देऊ नकोस. तुझ्याच वस्तीच्या रस्त्याला टाक, पावसाळ्यात दुचाकी तरी घरापर्यंत येईल.

पाणी आत यायची वाट आणि बाहेर जायची वाट, दोन्ही तळ्याइतक्याच महत्त्वाच्या. कागदाच्या कितीतरी तळ्यांना आत यायची वाटच ठेवलेली नसते. चारी बाजूंनी उंच बांध आणि पाऊस पडला की पाणी बांधाला वळसा घालून ओढ्याला. वर कुणी विचारलं तर म्हणतात, मोटरनं भरतो. त्याला शेततळं कशाला म्हणायचं?

आत येणाऱ्या पाण्यापुढं गाळाचा खड्डा घे, दोन मीटर लांब, दोन रुंद, एक खोल. पाणी तिथं थबकतं, गाळ टाकतं आणि मग तळ्यात उतरतं. हा खड्डा प्रत्येक मोठ्या पावसानंतर उपसायचा. तो उपसला नाहीस तर पुढं तळंच उपसावं लागेल. आत उतरायच्या जागी दगड बसव, नाहीतर तिथंच घळ पडते. कागदाच्या तळ्यात पाइपनं पाणी सोड आणि पाइपाच्या तोंडाखाली जाड पट्टा अंथर.

सांडवा मात्र कंजूषपणे करू नकोस. तासाभरात दोन इंच पाऊस आपल्याकडेही पडतो. दहा एकरांच्या पाणलोटावर तेवढ्या वेळात वीस लाख लिटर पाणी पडलं आणि त्यातलं निम्मं जरी तळ्याकडं आलं, तर ते जाणार कुठून? चार इंची पाइप टाकून सांडवा झाला म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार कर. निदान दोन मीटर रुंद सांडवा हवा, आणि तो भरावावर काढायचा नाही. मूळच्या, न हललेल्या जमिनीत कापायचा, तळाला दगड बसवायचे. बांधाचा माथा सांडव्याच्या तळापेक्षा निदान अर्धा मीटर उंच हवा आणि नवीन भराव पहिल्या वर्षात बसतो म्हणून वीतभर आणखी. पुष्कळ बांध फुटतात ते असे, सांडवा अपुरा म्हणून पाणी माथ्यावरून जातं आणि माती तासाभरात निघून जाते. सांडव्यातून निघालेलं पाणी कुणाच्या रानातून ओढ्याला जाणार, त्या माणसाला काम सुरू होण्याआधी जाऊन भेट. चहा पी, वाट दाखव, त्याची कबुली घे.

कागद घालायचा ठरलाच तर 500 मायक्रॉनचा, आयएस 15351 चा शिक्का असलेला घे. 30 बाय 30 च्या तळ्याला अकराशे-बाराशे चौरस मीटर लागतो, कडेच्या चरासकट. अंथरण्याआधी उतारावरून अनवाणी चाल. पायाला जो खडा टोचेल तो कागदालाही टोचणार. टोकदार मुरूम असेल तर वर चाळलेली माती लिंप. कागद सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, थोडा सैल अंथर, ताणून बसवलास तर थंडीत आखडतो आणि जोडावर फाटतो. वर चारी बाजूंनी दीड-दोन फूट खोल चर खणून त्यात टोक गाड. जोड गरम यंत्रानं केलेले हवेत, चिकटपट्टी नको. उन्हाळ्यातही तळाशी फूटभर पाणी राहू दे, रिकामा कागद वाऱ्यानं उचलला जातो आणि उन्हानं कडक होतो. उंदीर, घुशी आणि खेकडे हे तिघं कागदाचे वैरी. काठावर गवताचं रान माजू दिलंस की ते आलेच.

आता जे सांगतो ते कुंपणाच्या खर्चाला कात्री लावण्याआधी दोनदा वाच. कागदाचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही. हात लागतो, धरायला काही नसतं, आणि दमून बुडतो. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात शेततळ्यात बुडालेल्या पोरांच्या बातम्या येतात, बऱ्याचदा एकाला वाचवायला दुसरा उतरलेला असतो. म्हणून पाणी सोडण्याआधी कुंपण, पाणी सोडल्यावर नाही. पाच फुटी जाळी, खालून कुत्रं शिरणार नाही अशी आणि कुलपाचं फाटक. चारी बाजूंनी जाड दोर, हातभर अंतरानं गाठी मारलेले, वर लोखंडी खुंटाला पक्के बांधून तळापर्यंत सोडलेले. त्या दोरांना जुने टायर बांध, पायरी होते. हवा भरलेल्या दोन ट्यूबा आणि लांब बांबू काठावर कायम. मोटर किंवा फुटव्हॉल्व्ह काढायला एकट्यानं उतरायचं नाही, कमरेला दोर आणि वर दुसरा माणूस असल्याशिवाय तर नाहीच. ऊसतोडीला किंवा खुडणीला आलेल्या मजुरांची पोरं तळ्याजवळ खेळतात, त्यांच्या आईबापांना पहिल्याच दिवशी सांग. रानातली हरणं, कोल्हे पाण्याच्या वासानं येतात, तेही असेच अडकतात. त्यांच्यासाठी बाहेर एक उथळ डबकं ठेवलंस तर ते कुंपणाशी झटत नाहीत.

बिनकागदाच्या तळ्याला एका बाजूनं गुरं उतरतील असा सपाट उतार ठेवतात, ते मला पटत नाही. गुरं काठ तुडवतात आणि पाणी घाण करतात. बाहेर हाळ बांध आणि नळीनं पाणी सोड.

कागदपत्रांचं थोडक्यात. सातबारा आणि आठ अ काढ. थोरले दादा गेल्यावर तुझ्या बहिणींची नावं लागली आहेत, तेव्हा सामाईक क्षेत्राला त्यांची संमती लेखी घे. तोंडी नको, लेखी घेण्यात त्यांचाही मान राहतो. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना निघाली तेव्हा जास्तीत जास्त 50 हजारांचं अनुदान होतं, पुढं योजना बदलल्या, रकमा बदलल्या. आजचं काय ते कृषी कार्यालयात विचार आणि महाडीबीटीवर अर्ज कर. पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय एक टोपलीही माती हलवू नकोस. आधी खोदलेल्या तळ्याला पैसे मिळत नाहीत. आणि अनुदान मोठ्या मापाला जास्त मिळतं म्हणून मोठं माप घेऊ नकोस. पाणलोटाचा आकडा जे सांगेल तेच माप.

मासे सोडायचे का, असं सूनबाईंनी विचारलं होतं. सोडा. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली ऑगस्टमध्ये सोडली तर मार्चपर्यंत खाण्याजोगी होतात, आठ महिने पाणी टिकणार असेल तर. पण मासे विकून तळ्याचा खर्च काढू असं मनात धरू नका. डासांसाठी गप्पी मासे सोडा, ते जास्त उपयोगाचे. बांधावर झाडं लावायचा मोह होतो, लावू नकोस, मुळं बांधात वाटा पाडतात. बांधावर हरळी आणि पवना, बाहेरच्या पायथ्याला घायपात. झाडं लावायची तर पश्चिमेला, बांधापासून लांब, वारा अडला की पाणी कमी उडतं.

पहिल्या वर्षी तळं भरलं की रोज सकाळी बांधाच्या बाहेरच्या पायथ्यानं एक फेरी मार. कुठं ओल दिसली, उंदराचं बीळ दिसलं, तर त्याच दिवशी बंदोबस्त. निवळ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेव. गढूळ पाणी येत असेल तर बांध आतून वाहतोय, पाणी उतरव. मे महिन्यात तळ उघडा पडला की गाळ काढून रानात टाक.

बोअरचं शेवटी ठेवलं, कारण तिथंच लोक घसरतात. पाऊस ओढला की शेजारी सांगेल, बोअर चालू करून तळं भरून घे, बोअर आटायच्या आत. जमिनीच्या पोटात, सावलीत असलेलं पाणी वर काढून उघड्यावर उन्हात ठेवायचं आणि त्यातला मीटरभर थर उडवून द्यायचा, याला साठवण कसं म्हणू? एकानं भरलं की दुसरा भरतो, सगळे एकमेकांच्या आधी भरायला बघतात आणि फेब्रुवारीत अख्ख्या शिवाराची पाणीपातळी खाली जाते. मग ज्याच्याकडे तळंही नाही आणि खोल बोअरही नाही, त्याच्या विहिरीचा तळ दिसतो. जालन्याच्या कडवंचीला आधी पाणलोटाची कामं झाली, पाणी मुरलं, मग शेततळी आणि द्राक्षं वाढली. नगरच्या हिवरे बाजारनं तर शेतीसाठी बोअर घ्यायचंच बंद केलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली. आपल्या गावानं ते केलेलं नाही, पण तू तुझ्या नऊ एकरांपुरतं करू शकतोस. माळावर समतल चर, बांधबंदिस्ती, ओढ्याला एखादा दगडी बांध, त्यानंतर तळं. खुंट्या आणि आकडे दोन्ही सांगत असतील की पावसाचं पाणी तळ्यापर्यंत पुरेसं येत नाही, तर तळं घेऊ नकोस. तेवढ्या पैशात विहिरीचा गाळ काढ, ठिबक टाक आणि एक एकर बाग कमी धर.